दुमडलेले कोपरे

शनिवार, ८ मार्च, साउथहॅम्प्टन. हजर: मी आणि पहिल्यांदाच भेटलेल्या एक निवृत्त डॉक्टरबाई, दोघी म्युझियमच्या व्हॉलंटियर. टेबलावर एका अमेरिकन कुटुंबाने दीडशे वर्षं जपलेले कागद: बियाण्यांची पाकिटं, आमंत्रणं, कुणाकडे भेटीला गेल्यावर ठेवायची नावाची कार्डं.

मी यादी करता करता कार्डांचे दुमडलेले कोपरे सरळ करत होते. बाई मात्र एकेक कार्ड एक्स-रेसारखं खिडकीकडे धरून बघत होत्या.

"अहो, थांबा! कोपरा दुमडलेला म्हणजे माणूस स्वतः दारात येऊन गेला. नोकराबरोबर पाठवलेलं कार्ड सपाट असायचं."

"मी अकरा सरळ केली. सपाट गठ्ठ्यात मिसळलीसुद्धा!"

"म्हणजे अकरा पाहुण्यांना न आलेलं ठरवलंत की!" हसत त्यांनी आपलं भिंग माझ्यापुढे सरकवलं.

संध्याकाळपर्यंत पुसट घडीवरून नऊ कार्डं सापडली. दोन अजून शोधायची आहेत.