पांढऱ्या कॉन्टेसाला हात नका लावू

मागच्या वर्षापर्यंत आमच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं तर पाय पाटावर ठेवावे लागायचे. पाट म्हणजे जेवायचा, लाकडी. खालचा पत्रा गंजून गेला होता आणि पाट सरकला की खालून पळता रस्ता दिसायचा. शिरपूर ते धुळे सगळा महामार्ग मी असा पायाखालून बघितलाय. दिवाळीला पूजेसाठी पाट घरात यायचा, पूजा झाली की परत गाडीत जायचा. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. बसायचं मला असायचं.

गाडी कॉन्टेसा. माझे सासरे जीवराम आबा, त्यांनी कापसाला चांगला भाव मिळाला त्या साली घेतलेली. आमचे हे, म्हणजे रुपचंद, तेव्हा दहावीत होते. त्याच्या आधी गावात कोण्या मिलमालकाची पांढरी कॉन्टेसा आली होती. ह्यांनी तिला हात लावला तर ड्रायव्हर खेकसला, "ए, हात नको लावू!" हे रडत घरी आले आणि आबांना म्हणाले, गाडी घ्याल तर हीच आणि पांढरीच. आबांनी आणली. ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकलीय की मध्येच हे अडकले तर पुढचं वाक्य मी सांगते. शेवट ठरलेला: "कंपनीचा रंग आहे हा. ओरिजिनल. आजकाल असा रंग देतं का कोणी?"

आमचे हे सरकीच्या तेलमिलमध्ये वजनकाट्यावर बसतात. साधा माणूस. भाजीत मीठ नसलं तरी बोलत नाहीत. दोन शर्ट आलटून पालटून घालतात. पण गाडीला कोणी बोट लावलं की आवाज असा निघतो की शेजारी दार उघडून बघतात. "हात नका लावू!" दिपमाला आमची मुलगी, ती बोलायला शिकली तेव्हा आईबाबांच्या आधी हेच शिकली असावी.

तो पांढरा रंग खरंच जपला होता. रोज मऊ फडक्याने पुसणं, वर जुन्या गोधड्या, मांजर बसू नये म्हणून काठी घेऊन पहारा. आणि आतून? आत आबांनी आणि ह्यांनी मिळून वर्षानुवर्षं शेतात खताच्या गोण्या नेल्या. खताने पत्रा खाल्ला. वरून गाडी नवरीसारखी आणि खालून चाळणी.

मागच्या वर्षी दिपमालाचं लग्न ठरलं. जावई योगराज, जळगावचे, पिंप्राळ्यात घर. चांगली माणसं. मुलाकडचे म्हणाले, सजवलेली गाडी आम्ही आणू. दिपमाला म्हणाली, "नको. माझ्या दोन्ही आत्या आबांच्या गाडीतून सासरी गेल्या. मीपण तिच्यातूनच जाणार." ह्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. मग ती पुढचं बोलली. "पण पाटावर पाय ठेवून नाही जाणार, पप्पा. पत्रा बसवा. नाहीतर त्यांची गाडी येऊ दे."

बोलणं बरोबर होतं. शालू नेसून, खाली रस्ता बघत पोरगी जळगावपर्यंत जाणार का?

छगनला बोलावलं. छगन म्हणजे आमच्याकडचा डेंटर, गाड्यांचे पत्रे ठोकतो, रंग मारतो. तो गाडीखाली शिरला, बराच वेळ आतच राहिला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "भाऊ, खालचा पत्रा कापून नवा लावतो. कडेच्या पट्ट्याही गेल्यात. पण वेल्डिंग केलं की दोन्ही बाजूंचा रंग जळणार. मग पूर्ण गाडी रंगवावी लागेल."

"रंग नाही जळला पाहिजे," हे म्हणाले.

"मग वेल्डिंग नाही होणार."

"वेल्डिंग कर. रंग नको जाळू."

छगनने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. छगन चहा पिऊन गेला.

हे असं तीनदा झालं. लग्न जवळ येत चाललं. दिपमाला बोलायची बंद झाली, आणि ती बोलत नाही म्हणून हे जेवायचे कमी झाले. मी म्हटलं, "अहो, पोरगी मोठी की रंग?" तर म्हणाले, "दोन्ही." आता याला काय म्हणावं? रंग गेला तर आबा पुन्हा एकदा गेले असं ह्यांना वाटत होतं, हे मला कळत होतं. कळूनही राग येत होता. दोन्ही एकदम येतं माणसाला.

मग ह्यांनी स्वतःच उपाय काढला. मिलमधून सरकीच्या कच्च्या तेलाचा डबा आणला. तेलाने गंज थांबतो, रंगाला धक्का नाही. दर रविवारी गाडीला खालून-वरून तेल चोळायचं. मी म्हटलं, "सगळं अंगण म्हशीला घालतो त्या सरकीच्या ढेपेसारखं वास मारतंय. म्हैस जवळ बांधलीय आपली." हे म्हणाले, "म्हशीला काय कळतंय गाडीतलं."

म्हशीला गाडीतलं कळत नाही, सरकीतलं कळतं.

एका सकाळी अंगणातून अशी किंकाळी आली की मला वाटलं, गेलं कोणीतरी. धावत गेले. म्हशीने दावं तोडलं होतं आणि ती ड्रायव्हरच्या बाजूचं दार चाटत होती. निवांत, डोळे मिटून. दाराच्या खालच्या अंगाला गंजाने रंगाला फुगे आले होते, त्यावर तिची ती खरबरीत जीभ. ताटाएवढा रंग तिने सोलून खाल्ला होता. आणि खाली काळं.

"काळी केली! हिने गाडी काळी केली!" हे ओरडत होते.

छगनला बोलावलं. त्याने नखाने खरडून बघितलं, फडकं ओलं करून पुसलं. मग हळूच म्हणाला, "भाऊ, हा गंज नाही. रंग आहे. पांढऱ्याच्या खाली काळा रंग आहे. कंपनीचा हाच असणार. पांढरा नंतर मारलाय."

"शक्यच नाही."

ओट्यावर माझ्या सासूबाई, बेबाबाई, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काळीच व्हती ती गाडी. तूच रडना, धवळी पाहिजे म्हनीसन. तुना बापनी धुळाले लई जाईसन रंग दिना."

मग त्यांनी तुकड्या-तुकड्याने सांगितलं, मध्ये शेंगा सोलत. गाडी घ्यायला आबा गेले तेव्हा काळीच शिल्लक होती. पांढरीला पुढच्या दिवाळीपर्यंत थांबा, शोरूमवाले म्हणाले. आणि इकडे हे पोरगं जेवत नव्हतं. आबांनी कोरी करकरीत काळी गाडी घेतली, सरळ धुळ्याला एका रंगाऱ्याकडे नेली आणि पांढरी करून आणली. नवी गाडी रंगवायला आणलेली बघून रंगाऱ्याने म्हणे आबांना दोनदा विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना. घरी येऊन पोराला सांगितलं, कंपनीने पांढरी दिली.

"माय, मला एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?" ह्यांनी विचारलं.

"तू कधी इचारंच नही," सासूबाई म्हणाल्या आणि टरफलं म्हशीपुढे टाकली.

हे तिथेच, दाराजवळ जमिनीवर बसले आणि रडले. पन्नाशी ओलांडलेला माणूस, मिलमधला शर्ट घातलेला, हमसून हमसून. मी पाणी आणलं. छगन उगाच चाकाकडे बघत राहिला. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, "भाऊ, मग आता ओरिजिनल कोणता धरायचा? काळा की पांढरा?"

ह्यांनी तोंड पुसलं. घराकडे तोंड करून हाक मारली, "दिपा! बाहेर ये."

दिपमाला आली. तिला वाटलं, परत भांडण.

"तुला कोणता रंग आवडतो?"

"पप्पा, मला फक्त पाय ठेवायला पत्रा पाहिजे."

"पत्रा बसतोय. रंग सांग."

ती मग लहानपणी जत्रेत बांगड्या मागायची तशी बिचकत म्हणाली, "मोरपंखी?"

मी कपाळावर हात मारला. हे छगनला म्हणाले, "मोरपंखी." आवाजात जरासुद्धा फरक नाही.

लग्नाच्या दिवशी गाडी दारात उभी राहिली तेव्हा मी तिच्याकडे नीट बघू शकले नाही, इतकी ती मोरपंखी होती. योगराजांच्या काकांनी गाडीला फेरी मारली आणि विचारलं, "कंपनीचाच रंग का हो हा?"

"हो," हे म्हणाले. "कंपनीने खास दिला."

ओटी भरून झाली, चाकाखाली नारळ ठेवला. दिपमाला आत बसली, आणि आधी दोन्ही पाय खाली जोरात आपटून बघितले. पत्रा खणखणीत वाजला. मग ती रडायला लागली. रडता रडता आधाराला तिने दाराला बाहेरून हात टेकवला, कुंकवाने भरलेला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. नव्या रंगावर लाल पंजा उमटला होता. "सॉरी, पप्पा, सॉरी."

"लाव गं," हे म्हणाले. "दोन्ही हात लाव."

गाडी दुसऱ्या दिवशी जळगावहून परत आली. ते दोन पंजे अजून दारावर आहेत. ते पुसायचे नाहीत, त्यांच्याजवळ फडकं न्यायचं नाही, पावसात गाडी काढायची नाही. म्हैस आता मागच्या अंगणात बांधतो. आणि परवा मी चुकून दार उघडायला गेले, तर घरातून आवाज आला, "हात नको लावू!"