जांभळे ठिपके

भिंगताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आम्ही नात्यातल्या नाही, फक्त एका खोलीत राहतो. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती जंतू ओळखायचं काम करते. म्हणून भिंगताई हे नाव तिला आमच्या मजल्यावरच्या लोकांनी दिलं.

मी साहित्य शिकले. जंतू म्हणजे सगळे एकच, असं मला वाटायचं. भांडी घासता घासता तिने फरक सांगितला. जिवाणू म्हणजे एकच पेशी. आत केंद्रक नाही, पण स्वतःचं सगळं स्वतः करते. मनासारखं मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन. विषाणू घरजावई. त्याला स्वतःची पेशीच नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरायचं आणि तिच्याकडूनच आपल्या नकला काढून घ्यायच्या. बुरशी मात्र आपली लांबची चुलत बहीण. तिच्या पेशीत आपल्यासारखंच केंद्रक असतं. जिवाणूंच्या औषधाला ती दाद देत नाही.

तिच्या आईचं त्याच इस्पितळात पोटाचं ऑपरेशन झालं. बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. जिवाणूंवरचं औषध सुरू केलं आणि रक्त तपासायला खाली आलं. घरच्या माणसाचा नमुना दुसऱ्याने पाहायचा, असा तिथला नियम. ताई प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना म्हणाली, मीच बघते. सर नको म्हणाले नाहीत.

रक्त ज्या बाटलीत ठेवलं होतं, तिच्यात एका दिवसाने काहीतरी वाढलं होतं. तिने एक थेंब काचपट्टीवर घेऊन रंगवला. भिंगाखाली जांभळे गोल ठिपके दिसले, घोसाने. तिने जिवाणू लिहिलं आणि वर वॉर्डात आईकडे गेली. मीही तिथे होते.

आईने विचारलं, "सापडला का गं चोर?"

"सापडला. त्याचंच औषध चालू आहे."

"मग मला घरी ने. इथली नर्स तुझ्यापेक्षा जास्त रागावते."

त्याच बाटलीतला एक थेंब तिने वाढीसाठी बशीतल्या खाद्याच्या थरावरही पसरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पांढरे, सायीसारखे ठिपके उगवले होते. आंबलेल्या पिठासारखा वास येत होता. तिने कालची काचपट्टी पुन्हा भिंगाखाली धरली. जांभळा रंग काही जिवाणूंना चढतो तसा बुरशीलाही चढतो, म्हणून आकार बघायचा असतो. नव्याने आलेल्यांना ती हे पहिल्याच आठवड्यात शिकवते. ठिपके जिवाणूंपेक्षा मोठे होते. काहींना बुरशीला फुटतात तशा बारीक कळ्या फुटल्या होत्या. त्या कालही होत्या.

तिने वॉर्डला फोन केला.

"काल मी चुकीचं लिहिलं. ती बुरशी आहे. औषध बदला."

दुपारपर्यंत औषध बदललं. तिसऱ्या दिवशी आई गेली.

डॉक्टर म्हणाले, एक दिवस आधी कळलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं. ताईने हे मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा कदाचितवर थांबली.

दहा दिवसांनी ती कामावर गेली. चुकांची वही असते. त्यात कारण लिहावं लागतं. सरांनी तिला सुचवलं की कामाचा ताण होता, असं लिही. तिने लिहिलं, मला जिवाणूच हवे होते.

सर म्हणाले, "असं नाही लिहीत गं."

"मग कसं लिहितात?"

सरांनी पेन घेतलं. तिच्या वाक्याखाली सही केली.

ताई उठली. दुसऱ्या कुणाच्या तरी रक्ताची बाटली तपासायला तयार झाली होती.