धारच्या सहलीचा बेत

पौषातल्या रविवारी देवासच्या आमच्या अंगणात ऊन उतरे ते कोवळ्या हरभऱ्याचा आंबूस वास घेऊनच. भाजीवाली सोलाण्याच्या जुड्या उंबऱ्यावर टाकून जाई, आणि काकू त्या सोलता सोलता जगातले सगळे बेत आखी. मी तेव्हा कन्याशाळेत नुकतीच शिकवू लागले होते, काका-काकूंकडे राहत होते, आणि माझे अक्षर बरे म्हणून त्या बेतांचे लेखनिकपण माझ्याकडे आले होते. त्या रविवारचा बेत होता धारच्या सहलीचा.

संस्थाने विलीन होऊन चार-पाच वर्षे झाली होती. धारला एका जुन्या सरकारी इमारतीत महायुद्धाच्या वस्तूंचे लहानसे संग्रहालय मांडले आहे, अशी वार्ता काकूने कुठूनशी आणली होती. आपल्याकडच्या फौजेतून गेलेल्यांचे गणवेश, पाण्याच्या बाटल्या, ब्रह्मदेशाचे नकाशे असे काय काय तिथे आहे म्हणे. काका त्या ब्रह्मदेशातून परतले होते. युद्धापूर्वी संस्थानच्या फौजेत हवालदार, आता तहसिलीत कारकून. मधल्या चार वर्षांविषयी त्यांनी काकूला एक अक्षर सांगितले नव्हते. विचारले की म्हणत, "काही नाही गं, पाऊस फार होता." आठ वर्षे त्या एका पावसावर काकूची बोळवण चालली होती. आपला माणूस कुठून परत आला हे तिला एकदा पाहायचे होते, मग ते काचेच्या कपाटातले का असेना.

पण थेट तसे म्हणायची सोय नव्हती. म्हणून तिने गुळात औषध दडवावे तसा बेत रचला. सकाळी गडकालिकेचे दर्शन, मग किल्ला, तळ्याकाठी दशम्या आणि लसणाची चटणी, नंतर जाता जाता, अगदी सहज वाटेत लागले म्हणून, संग्रहालय, आणि चारची बस. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवले. काकूने कागद काकांच्या चहाच्या बशीखाली सारला, आणि आम्ही दोघी निष्पाप चेहऱ्याने सोलाणे सोलत बसलो.

काकांनी कागद वाचला, खिशात घातला आणि बाहेर निघून गेले. संध्याकाळी उन्हे परतली तेव्हा तो कागद त्यांनी काकूच्या पुढ्यात ठेवला. माझ्या ओळींच्या बाजूला शिसपेन्सिलीने त्यांचे टोकदार अक्षर भरगच्च उमटले होते. मी मोठ्याने वाचू लागले. पाणी कुठे मिळेल, सावली कुठे, परतीची दुसरी वाट कोणती. सर्वांत हळू चालणाऱ्याने पुढे राहावे. दर अर्ध्या तासाने थांबून माणसे मोजावीत. काकूला हसू आवरेना.

"अहो, जायचं तिघांनी. तिघांना मोजायला हवालदार कशाला हवा?"

काकाही ओशाळून हसले. संग्रहालयाच्या ओळीसमोर मात्र त्यांनी काहीच लिहिले नव्हते. मी शेवटची ओळ वाचली: 'पाण्याला कोणी एकट्याने जाऊ नये.'

काकूचे हसू थांबले. तिने माझ्या हातातला कागद घेतला, ती ओळ स्वतः वाचली, आणि अगदी हळू विचारले, "अहो, पाण्याला कोण गेलं होतं?"

आता काकांचा नेहमीचा पाऊस येणार, असे मला वाटले. पण या वेळी पाऊस आला नाही.

"गणपत," ते म्हणाले. "आपल्या हाटपिपल्याचा. मी तापानं पडलो होतो, दोन दिवस त्यानं मला खांद्यावर वाहिलं. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, तहान लागलीय. तो गेला, तो परत आलाच नाही. मागून गोळीबार ऐकू आला, आणि आम्हाला पुढं निघावं लागलं."

"त्याच्या घरी कोण आहे?"

"आई."

"गेला होतात कधी?"

त्यांनी मान हलवली. "काय तोंड घेऊन जाऊ?"

काकूने माझ्याकडून टाक मागून घेतला आणि त्या सुंदर बेतावर तिरकी रेघ ओढली. "धार काही पळून जात नाही," ती म्हणाली. मी त्या दोघांना इतक्या जवळ बसलेले त्यापूर्वी पाहिले नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही हाटपिपल्याच्या बसमध्ये होतो. दोन्ही बाजूंना गव्हाची हिरवळ वाऱ्याने लवत होती, उघड्या खिडक्यांतून ओल्या मातीचा गारवा आत येत होता. काकांनी वाटभर एकदाही बाहेर पाहिले नाही. गावात एका दुकानदाराने बोट दाखवले, "भिया, वो नीमवाला घर." निंबाखाली एक वाळकीशी म्हातारी मेथी निवडत होती. काकांनी आपले नाव, पलटण आणि गणपतचे नाव एका दमात सांगितले, हजेरी द्यावी तसे. काकू पुढे झाली, म्हातारीच्या पायांवर डोके ठेवून म्हणाली, "माझं कुंकू तुमच्या लेकानं राखलं, आई."

म्हातारीने तिला उठवले. रागाचा एक शब्द नाही. आम्हाला आत बसवले, पितळी तांब्यातून पाणी दिले, आणि काकांच्या समोर टेकून म्हणाली, "कागद आला था, बेटा. गेला, इतनाच लिहिलं होतं त्यात. कसा होता, काय खात होता, माझी याद काढत होता का, कोणी सांगितलंच नाही. तू सांग."

काकांनी तांब्या खाली ठेवला. आठ वर्षे काकूने ज्या क्षणाची वाट पाहिली तो आता हाताच्या अंतरावर होता. काकांनी तोंड उघडले, तेवढ्यात काकू उठली, माझा हात धरून मला बाहेर घेऊन आली आणि तिने दार हलकेच ओढून घेतले.

निंबाच्या सावलीत आम्ही उभ्या राहिलो. आतून काकांचा आवाज येऊ लागला, आधी अडखळत, मग संथ. शब्द कळत नव्हते.

"काकू, तुला ऐकायचं होतं ना?"

"होतं गं." तिने पदराने डोळे टिपले. "पण माझा तर परत आला."