भिरंडेलाचं लोशन आणि तांबडा ठिपका

ऑगस्टमधला सोमवार. डिचोलीतल्या आमच्या छोट्या युनिटचं ऑफिस. टेबलावर ट्रायल बॅचच्या चाळीस ट्यूब आणि भोवती तिघं जण: पेडण्याहून आलेली सुलक्षाबाय, हरमलच्या एका रिसॉर्टची खरेदी बघणाऱ्या श्वेता मॅडम आणि क्वालिटी सांभाळणारा मी. मॅडमनी ट्यूब उलटी केली, मागच्या यादीवर मोबाईल धरला आणि म्हणाल्या, "परब सर, इथे रेड येतंय."

सुलक्षाबायनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, बॅच बिघडली.

भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांची चरबी. बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर तरंगतं ते काढून गोळे वळायचे. आमच्याकडे टाचा फुटल्या की हेच लावतात. सुलक्षाबाय हरमलला पर्यटकांना हे गोळे विकायची. रिसॉर्टला माल पसंत होता, पण असा कडक गोळा गरम करून कोण लावत बसणार? त्यांना लोशन हवं होतं, सीझन उघडायच्या आत. दर सीझनला घेऊ, असंही म्हणाले होते. त्या भरवशावर तिनं वाड्यावरच्या बायकांना बियांचा भाव कबूल करून टाकला. एरवी सोलं, म्हणजे आमसुलं, घातल्यावर बिया माडाच्या मुळाशी टाकून दिल्या जातात.

लोशनमध्ये तेलाबरोबर पाणी असतं, आणि पाणी आलं की बुरशी आणि जंतू आलेच. म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं. हे सांगितलं तेव्हा ती हसली होती.

"आवयन मडक्यात ठेवलेला भिरंडेल तीन-तीन वर्सां र्‍हवता. त्याका कोणी औषध घालूंक नाय."

"त्यात पाणी नव्हतं, बाय."

पटेना, तेव्हा मी दोन बरण्या भरल्या. एकीत प्रिझर्व्हेटिव्ह घातलं, दुसरीत नाही. दोन्हींत तिलाच बोट बुडवायला लावलं आणि बरण्या खिडकीत ठेवल्या. पंधरवड्यानं आली तर दुसरीवर काळे ठिपके धरले होते. तिनं वास घेतला, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "घाला तुमचा औषध. ह्या कोणाच्या तोंडाक लावला तर माजां नाव जातला."

मग फॉर्म्युला ठरला. बारा टक्के भिरंडेल, म्हणजे चांगलं भरपूर. प्रिझर्व्हेटिव्ह फिनॉक्सिइथेनॉल, पाऊण टक्का. मर्यादा एक टक्क्याची आहे. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असतात, त्यामुळे पाणी पहिलं आलं आणि भिरंडेल दुसरं.

"पाण्याक पयलो मान?" सुलक्षाबाय म्हणाली. "मगे विहीर कोणाची, तांय छापा."

आणि आता ह्या सोमवारी तो तांबडा ठिपका. मॅडमच्या फोनमध्ये एक ॲप होतं. यादीचा फोटो काढला की ते प्रत्येक घटकाला रंग देतं. फिनॉक्सिइथेनॉलला तांबडा.

मी म्हटलं, "मॅडम, ॲपला नाव दिसतं. प्रमाण दिसत नाही."

"मला कळतंय, सर. पण गेस्टच्या हातातही फोन आहे. प्रत्येकाला तुम्ही येऊन समजावणार?"

"नाही."

"मग काढून टाका ना ते."

मी काळी पडलेली बरणी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती दुरूनच बघितली. मग सुलक्षाबाय बोलली, "तां काडून मी दिवचंय नाय, मॅडम. माज्या हातान बुरसो विकूंचंय नाय."

ॲपला चालतील अशी दुसरी प्रिझर्व्हेटिव्ह आहेत. पण ती लोशन थोडं आंबट असेल तरच काम करतात. म्हणजे फॉर्म्युला बदला, पुन्हा बॅच करा आणि ती टिकते का हे बघायला तीन महिने गरम कपाटात ठेवा. मॅडम म्हणाल्या, "नोव्हेंबरमध्ये सांगा." आम्ही केलं, आणि ते चांगलं टिकलं. नोव्हेंबरच्या अखेरीस फोन केला तेव्हा रिसॉर्टच्या दुकानात बाहेरून आलेलं कोकम लोशन लागलं होतं.

सुलक्षाबायनं त्याची एक ट्यूब विकत घेतली आणि माझ्याकडे आणली. पुढच्या बाजूला कोकमाचं मोठं चित्र होतं. ॲपमध्ये सगळे ठिपके हिरवे.

"ह्येत भिरंडेल कितको?"

मी यादी वाचली. पाणी, ग्लिसरीन, दोन स्वस्त तेलं, मग झँथन गम आणि त्याच्यानंतर कोकम बटर. झँथन गम घट्टपणासाठी चिमूटभरच घालतात, एक टक्क्याच्या आत. एक टक्क्याच्या खालचे घटक कोणत्याही क्रमानं लिहायची मुभा असते, पण एक टक्क्याहून जास्त असलेला घटक त्यांच्या आधीच यावा लागतो. तेव्हा गमनंतर आलेलं कोकमही एक टक्क्याच्या आतच.

"ह्या पूर्ण ट्यूबमध्ये तुझ्या करंगळीच्या नखावर मावेल एवढं," मी म्हटलं.

तिनं ट्यूब हातात घेऊन यादीवरून बोट फिरवलं. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. "आनी ह्येका हिरवो," एवढंच म्हणाली.

आमच्या कामात घटक निवडताना आम्ही जंतू बघतो, नियम बघतो, खर्च बघतो. गिऱ्हाईक यादी कशी वाचतं हे फॉर्म्युला ठरवताना, जूनमध्येच मॅडमना विचारलं असतं, तर तीन महिने वाचले असते. आता नवीन कोणी आलं की पहिल्या दिवशी विचारतो. तुम्ही वाचणारे असाल तर रंग बघा, हरकत नाही. पण पुढे ज्याचं चित्र आहे ते मागच्या यादीत कितव्या जागी आहे, तेही बघा.

दुसऱ्या फॉर्म्युल्याची विक्रीची बॅच कधीच निघाली नाही. सुलक्षाबाय पुन्हा गोळे वळते. वाड्यावरच्या बायकांना बियांचे पैसे तिनं ठरल्या भावानं दिले, एकीलाही कमी नाही. दोन्ही ट्रायलचं बिलही तिनं आमच्या युनिटला पूर्ण भरलं. पैसे घेतल्याच्या पावतीवर सही माझी आहे.