पात्यावरचा डब्ल्यू

सन १९७६, फेब्रुवारीतला शनिवार. रक्कम आठ रुपये. हजर तिघं: मी, माझी बायको आणि परभणीच्या बाजारात जुनं लोखंड विकणारे एक म्हातारे चाचा. त्यांच्याकडून मी सांबरशिंगाच्या मुठीचा घडीचा चाकू घेतला. पाच रोख दिले, तीन पुढच्या शनिवारी द्यायचे ठरले.

जुने चाकू जमवायचा मला नाद होता. पातं मुठीत शिरतं तिथं छाप असतो. देशाचं नाव कसं घातलंय त्यावरून चाकूचा काळ कळतो. यावर जर्मनी होतं आणि त्याआधी बारीक डब्ल्यू, म्हणजे पश्चिम जर्मनी. अठ्ठेचाळीसच्या पोलिस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी त्या देशाचे दोन भाग झाले, त्यानंतरचा माल.

मंगळवारी सकाळी दारात शिपाई उभा. "तुमी घेतलेला चाकू चोरीचा हाय म्हणं. बाजारात कुणी तरी वळखला, पोलिस ॲक्शनच्या आधीपासून त्याच्या घरचा हाय म्हणतो. चाचाला काल धरलंय. चाकू घेऊन चला."

आणीबाणीचे दिवस. आत गेलेला माणूस कधी सुटणार, हे विचारायचीही भीती. मी सरकारी कचेरीतला कारकून. चोरीचा माल घेतला असं ठरलं तर नोकरी जाणार, आणि चाचा आतच राहणार. भिंगातून छाप पाहिला. डब्ल्यूच्या जागी पातं नुसतंच चकचकत होतं.

"कुणाच्या घरचा कोण जाणे, म्हणून चिंच अन् विटकरीच्या भुकटीनं घासला मी," बायको म्हणाली. बाजारातली जुनी वस्तू घासल्याशिवाय आमच्या घरात येतच नसे. चाकू, भिंग आणि तिची काजळाची डबी खिशात टाकून निघालो.

ठाण्यात चाचा भिंतीशी उकिडवे बसले होते. माझ्याकडे बघेनात. खुर्चीत एक आडत्या होता. "वडलांचा हाय हा. पोलिस ॲक्शनच्या आधी हैदराबादहून आणलेला. मूठ वळखतो मी."

"हा त्यानंतरचा आहे," मी म्हणालो.

जमादार हसला. "कारकूनसाहेब, चाकूची पत्रिका मांडायलाय का?"

छापावर काजळ चोळून रुमालानं पुसलं. खाचांत राहिलेल्या काजळानं जर्मनी उठून आलं. आधीची जागा कोरी. चाचा आता माझ्याकडेच बघत होते. पुन्हा चोळलं, या वेळी नखानं दाबून, आणि अगदी हलकं पुसलं. एक तिरकी रेघ दिसली. मग दुसरी.

जमादारानं भिंग ओढून घेतलं. "हाय. चार रेघा हायत."

मी अर्थ सांगितला. आडत्या बराच वेळ पातं उजेडात फिरवत राहिला. "वडील तर ॲक्शनच्या सालीच गेले... मूठ लय सारखी हाय हो. पण आमचा न्हाई हा."

चाचांना सोडलं. चाकू मात्र "राहू द्या इथंच," असं जमादार म्हणाला. घरच्या पेटीत आणखी अकरा चाकू होते. त्यांची चौकशी निघायला नको म्हणून मी तो टेबलावर ठेवून दिला.

बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "साहेब, चाकू तर गेला तुमचा. तीन रुपये राहू द्या."

शनिवारी बाजारात गेलो. ठाण्यासमोरचा रस्ता टाळून, लांबच्या वाटेनं. चाकूचे एकूण आठ रुपये दिले: पाच आधी, उरलेले तीन त्या दिवशी, चाचांच्या हातात.