तैवानच्या सिनेमाला वसईचं मध्यंतर

वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंत कॅसिमिर तुस्कानो यांना तैवानबद्दल एवढंच ठाऊक होतं, की जुन्या छत्रीच्या दांड्यावर ते नाव लिहिलेलं असायचं. आज मात्र ग्लेन वेव्हर्ली या त्यांच्या अख्ख्या परदेशी उपनगरात तैवानी सिनेमाचा त्यांच्याएवढा कट्टर प्रचारक सापडायचा नाही. हा चमत्कार केला एका बिघडलेल्या एसीने.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, एका भाजून काढणाऱ्या शनिवारी घरचा एसी बंद पडला, म्हणून तुस्कानोकाका जवळच्या कम्युनिटी हॉलमध्ये शिरले. आत गारवा, अंधार आणि पडद्यावर कुठलासा संथ सिनेमा. काका आधी छान झोपले, मग जागे झाले आणि शेवटी डोळे पुसत बाहेर आले. दाराशी उभ्या बाईंनी त्यांना आधी टिश्यू दिला आणि मग पुढच्या महिन्याचं पत्रक. ही शू-फेन लिन. आठवडाभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायचं आणि महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी लोकांना तैवानचा सिनेमा दाखवायचा, हा तिचा उद्योग. प्रेक्षक सरासरी अकरा. काका बारावे.

या वर्षी मात्र हॉलच्या मॅनेजर रेनीबाईंनी स्पष्ट सांगून टाकलं. पुढच्या शोला चाळीस माणसं भरली तर वर्षभर हॉल तुमचा. नाहीतर ती वेळ खुर्चीतल्या योगासनांना. शिवाय डोकी मोजायची ती सिनेमा संपताना. बिस्किटं खाऊन सटकणारे रसिक रेनीबाईंनी चौदा वर्षं पाहिले होते.

शू-फेनने फेसबुकवर जाहिरात टाकली. तिघांनी लाइकचा अंगठा दिला, त्यातले एक काकाच.

"संपलं, कॅस," ती म्हणाली. "या सिनेमात माझ्या आजीची भाषा आहे. इथे मी ती फक्त फोनवर बोलते. एकदा, फक्त एकदा, भरलेल्या हॉलमध्ये ऐकायची होती."

काकांनी चष्मा काढला. काका चष्मा काढतात तेव्हा समोरच्याने सावध व्हावं. "घरच्या लग्नाला तुम्ही माणसं फेसबुकवर बोलावता?"

"नाही. घरी जाऊन."

"मग?"

इथे येऊन ट्राम दुरुस्त करण्यापूर्वी काकांनी वसईत दहा वर्षं चर्चच्या सणाला नाटकं बसवली होती. प्रेक्षक कसा गोळा करायचा हे त्यांना कुठल्याही मार्केटिंगवाल्याने शिकवायला नको. दुसऱ्या दिवसापासून शू-फेनला आपल्या कोरोला गाडीत घालून त्यांची आमंत्रणं सुरू झाली. बेकरीवाले, दातांचे डॉक्टर मिस्टर चेन, प्रार्थनेनंतर गाठलेली वसईकर मंडळी, लांबच्या क्रेगीबर्न उपनगरातलं काशीनाथ आणि पद्मा हे जोडपं. नियम दोनच: चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही, आणि समोरून 'नक्की' आल्याशिवाय चहा संपवायचा नाही. मिस्टर चेन यांना तीन कप लागले.

"कॅसी, पोराच्या लग्नालासुद्धा एवढा फिरला नव्हतास," ज्युलियानाकाकूंनी टोमणा मारला.

"त्याच्या लग्नाला जेवण होतं गं. माणसं येणारच होती."

"आणि इथे काय, उपाशी बसवणार?"

काकांचा चेहरा उजळला. काकूंच्या लक्षात आलं, की आपण स्वतःच्या हाताने दीडशे फुग्या, म्हणजे वसईचे ते गोल गोडसर पाव, तळायचं काम ओढवून घेतलं आहे.

शनिवारी सेहेचाळीस माणसं आली. शू-फेनने दोनदा मोजली. काकांनी एकदाही नाही, ते प्रोजेक्टरपाशी ऐटीत बसले होते.

सिनेमा कालवं फोडणाऱ्या एका विधवेचा. समुद्राकाठचं घर विकून आईने आपल्याकडे शहरात यावं, असं मुलीचं म्हणणं. तासाभराने मुलगी कागद पुढे करते, म्हातारी पेन उचलते, आणि...

दिवे लागले. काकांनी सिनेमा थांबवला होता.

"मध्यंतर!" ते प्रसन्नपणे म्हणाले. "फुग्या गरम आहेत, बाहेर अंगणात."

शू-फेन धावत आली. "कॅस! यात इंटरव्हल नाहीये!"

"असं कसं? मग माणसं बोलणार कधी?"

"रेनी शेवटी मोजणार आहे! आणि कार पार्क अंगणाला लागूनच आहे!"

आता कुठे काकांना आपला घोळ कळला. गावात मध्यंतरानंतर कोणी पळत नसे, कारण पळून जाणार कुठे, तर शेजारच्याच घरी. इथे सेहेचाळीस माणसांच्या खिशात गाड्यांच्या किल्ल्या, बाहेर सोनेरी ऊन आणि हातात फुगी. दाराशी रेनीबाई हाताची घडी घालून उभ्या.

दहा मिनिटं झाली. काकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी हललं नाही. काका अंगणात गेले.

"सही करू नये तिने!" पद्मा बोट नाचवत होती. "फ्लॅटमध्ये बसून करायचं काय? खिडकीतून लिफ्ट बघायची?"

"पण आई एकटी पडली, आजारी झाली तर?" मिस्टर चेन घरून आणलेल्या अननसाच्या केकसकट उसळले. "मुलीने काय रोज विमान पकडायचं?"

"तुमची आई कुठे असते?"

"तिकडे तैवानात, तैनानला," चेन यांचा आवाज एकदम खाली आला. "तुमची?"

"नागपूरला. नाही म्हणते यायला."

भोवती कोंडाळं जमलं होतं. अर्धे आईच्या बाजूने, अर्धे मुलीच्या. तैवानी, मराठी सगळे मिसळलेले, आणि काशीनाथ तर बायकोच्या विरुद्ध पक्षात. शेजारच्या खोलीतून खुर्चीतला योग संपवून निघालेल्या सहा बायका भांडण ऐकून थबकल्या होत्या. "पण तिने शेवटी सही केली का?" त्यातल्या एकीने विचारलं.

"तेच तर बघायचंय!" काका गरजले. "चला आत!"

सगळे आत गेले. योगवाल्याही गेल्या. पुढचा तासभर हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. म्हातारी आपल्या भाषेत मुलीला काहीतरी पुटपुटली. मागच्या रांगेत शू-फेनचे ओठ तिच्याबरोबर हलले, आणि पुढच्या रांगांतून हुंदके आले. पडद्याखालची इंग्रजी अक्षरं वाचणारे रडले ते क्षणभर उशिरा, एवढाच काय तो फरक.

दिवे लागल्यावर रेनीबाईंनी रांगेरांगेने डोकी मोजली. मग परत मोजली.

"बावन्न," त्या म्हणाल्या. "सुरुवातीपेक्षा शेवटी जास्त माणसं? माझ्या अख्ख्या नोकरीत असं झालेलं नाही, मेट."

"नो वरीज," काका त्यांच्याच बोलीत नम्रपणे म्हणाले.

रेनीबाईंनी वर्षभराच्या बाराही शनिवारांवर शू-फेनचं नाव लिहिलं. शू-फेनने दरवाजात, सगळ्यांदेखत, काकांना असं काही कवटाळलं की त्यांचा चष्मा वाकडा झाला. आणि बाहेर कार पार्कमध्ये एकही गाडी सुरू झाली नव्हती. म्हातारीने योग्य केलं की अयोग्य, यावर अंगणात दुसरी फेरी रंगली होती, आणि काकू रिकामं पातेलं हातात घेऊन त्या भांडणाच्या मधोमध, मुलीच्या बाजूने, तावातावाने बोलत होत्या.