मिरीच्या दाण्याची कुंडी

टाइपिंगच्या बाईंनी तीस वर्षं पोरींना एकच गोष्ट बजावली होती, "बोटांकडे बघू नका." शेकडो पोरींनी ती ऐकली. घरातल्या घड्याळवाल्यांनी मात्र आयुष्यात बायकोचं काही ऐकलं असेल तर शपथ!

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या माणसाची रीत ठरलेली. काही बंद दिसलं की मागचं झाकण उघडायचं. आणि आता फ्रिजवर उबेला पाच छोट्या कुंड्या होत्या, प्रत्येकीत पामची एकेक बी. बाईंच्या वारलेल्या ताईने दिलेलं पामचं झाड घड्याळवाल्यांनीच दिवसाला तीनदा पाणी घालून कुजवलं होतं. त्याआधी पिकलेल्या या पाच बिया, ताईची तेवढीच खूण उरली होती.

"चार-सहा महिने लागतील," नर्सरीवाली म्हणाली होती. "ओल ठेवा आणि विसरून जा."

विसरतोय कोण! आठव्या दिवशी घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात बी धरून बसलेले.

"अहो! काय करताय?"

"जिवंत आहे का बघतोय. जरा टवका काढला. आत पांढरी आहे, म्हणजे चालू आहे."

ती चालू बी चार दिवसांत बंद पडली. दुसरी वरचेवर उकरून सुकली, तिसरीला बुरशी आली. बाईंच्या डोक्याला नुसता ताप. बोलून तोंड दुखलं, त्यांच्या हातातला चिमटा काही सुटेना. शेवटी बाईंनी उरलेल्या दोन कुंड्या गुपचूप फ्रिजमागे, मोटारीच्या उबेला लपवल्या आणि वर एकच कुंडी ठेवली. तिच्यात स्वयंपाकघरातला मिरीचा दाणा पुरला.

"एवढीच वाचली," त्या म्हणाल्या.

दर रविवारी घड्याळवाले मिरीचा दाणा उकरत. "आज जरा फुगलीय," असंही सांगत. बाई पदराआड हसत.

पाचवा महिना सरत आला. फ्रिजमागे काही हालचाल नाही. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. बाईंनी केसातली पिन काढली. फक्त एकदा, हलक्या हाताने. बी वर आली, तिच्याखाली पांढरं, नाजूक मूळ होतं, आणि ते मोडलं होतं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! बाई तिथेच फरशीवर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. ताईची बी आपल्याच हाताने मारली होती. आता ओरडायचं कोणावर?

घड्याळवाले आले, त्यांनी ते बघितलं. चौथी कुंडी बाजूला ठेवली, पाचवी जपून मागे सरकवली.

"तुम्हाला माहीत होतं, इथे आहेत ते?"

"पहिल्या रविवारपासून. मिरी ओळखू येत नाही होय मला?"

"मग ती कशाला उकरत होता इतके महिने?"

"हाताला काहीतरी चाळा हवा ना. नाहीतर इथेच आलो असतो."

पुढच्या रविवारी मिरीच्या कुंडीपुढे दोघं बसली. एकदा त्यांनी उकरायचं, एकदा बाईंनी.

दीड महिन्याने घड्याळवाल्यांनी हाक मारली, "अगं, ये लवकर!" फ्रिजमागे, मातीतून हिरवं टोक वर आलं होतं, सुईएवढं.

"हात लावू नका!" बाई सवयीने खेकसल्या.

घड्याळवाले दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभे होते. बाईंनी ते बघितलं, आणि मुकाट्याने आपलेही मागे नेले.